बसणारा मुलगा

आमच्या हॉटेलात मेनूकार्ड नाही. का नाही असं विचारलं तर काका म्हणतात, "लोक जेवायला येतात, परीक्षेला नाय." पण खरं कारण वेगळं आहे. आमच्याकडे काय खायचं हे गिऱ्हाईक ठरवत नाही, नवसू ठरवतो.

शहापूरहून मुरबाडकडे निघालात की सापगाव मागे टाकल्यावर एसटीचा एक थांबा लागतो. त्याच्या समोर एसटीडी बूथ, आणि बूथला टेकून 'हॉटेल गोजर'. मालक ज्ञानेश्वर गोजर, म्हणजे माझे काका; सगळी दुनिया त्यांना ज्ञानूशेठ म्हणते. आत पाच टेबलं, मागे चुलीपाशी गोदूमावशी, पुढे गल्ल्यावर मी. मी म्हणजे प्रज्वल. बारावीला दोनदा बसून मी शिक्षण खात्याला पुरेशी संधी दिली होती. त्यांनी ती घेतली नाही, तेव्हा काकांनी घेतली.

गोदूमावशीच्या हाताबद्दल मी फार बोलत नाही, कारण बोलताना लाळ गळते आणि ती गल्ल्यावरच्या माणसाला शोभत नाही. एवढंच सांगतो, की तिचा शिरा खाऊन एका माणसानं सख्ख्या भावावर टाकलेली बांधाची केस मागं घेतली होती. ती केस तो हरतच होता हे खरं, पण शिरा खाईपर्यंत त्याला ते पटत नव्हतं.

तर खाणं गोदूमावशीचं. पण ते माणसाच्या पोटापर्यंत नेणारा नवसू.

नवसू आमच्याकडे यायच्या आधी गावोगावच्या लग्नांत वाढायला जायचा. पंगतीत वाढणाऱ्याला दोन गोष्टी चालत नाहीत. एक म्हणजे रिकामं ताट. दुसरी म्हणजे 'नको' हा शब्द. आमच्या भागात पहिला 'नको' म्हणजे 'वाढा', दुसरा 'नको' म्हणजे 'एवढं कमी का वाढलंत', आणि खरोखरच नको असेल तर माणूस बोलत नाही, दोन्ही हात पसरून ताटावर आडवा होतो. नवसूनं ही पद्धत जशीच्या तशी हॉटेलात आणली. तुम्ही आलात, बसलात, की समोर ताटली. तीत तुमच्या तोंडाकडे बघून जे यायचं ते यायचं. रात्रपाळी करून आलेल्याला उसळ-पाव. बायकोशी भांडून आलेल्याला शिरा. धरण बघायला मुंबईहून आलेल्या एका साहेबानं एकदा विचारलं, "सँडविच है क्या?" नवसूनं त्याच्याकडं मायेनं बघितलं आणि दोन वडे वाढले. मग आणखी दोन. साहेब "बस, बस" म्हणाला. नवसूला 'बस' हा शब्द फक्त खाली बसण्यासाठीच माहीत होता, निदान तो तसं दाखवायचा. शेवटी साहेब ताटलीवर आडवा झाला. पुढच्या रविवारी तो आईवडिलांना घेऊन आला.

भातसानगरचे एक काका आहेत. धरणाचे दरवाजे उघडबंद करणं हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना गेटवाले म्हणतात. ते वर्षानुवर्षं आमच्याकडे खातात, पण काय खातात हे त्यांना ठाऊक नाही. घरी बायकोनं विचारलं तर सांगतात, "नवसू देतो ते." अख्ख्या मुंबईला पाणी सोडायचं की नाही हे ठरवणारा हा माणूस आमच्याकडं आला की लहान मुलासारखा हात धुऊन बसतो.

असा हा नवसू. गिऱ्हाईक त्याच्यावर खूश, मालक खूश, आणि लग्न जमत नव्हतं.

त्याला एकच कारण होतं. नवसूला बसता येत नव्हतं.

म्हणजे शरीरानं येत होतं. पण जिथं माणसं खातायत तिथं आपण बसून राहायचं, हे त्याला जमत नसे. पहिली मुलगी बघायला आम्ही किन्हवलीला गेलो. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. नवसू ताडकन उठला, तिच्या हातातून ट्रे घेतला आणि पाच मिनिटांत सगळ्यांना वाढून मोकळा झाला. मुलीच्या बापाला म्हणाला, "आजून घ्या, लाजू नका." स्वतःच्याच घरात लाजू नका असं ऐकल्यावर तो माणूस लाजला नाही, भडकला. दुसऱ्या ठिकाणी काकांनी त्याला आधीच बजावलं होतं. तिथं नवसू बराच वेळ बसला. मग शेजारच्या म्हाताऱ्याची वाटी रिकामी झाली. नवसू उठला तो थेट त्यांच्या स्वयंपाकघरात. तिथं मुलीची आई डबे उघडून बघणाऱ्या पाव्हण्याला बघून किंचाळली.

"आमाला जावई पायजे," तिकडून निरोप आला, "वाढपी नको."

अशात एक दिवस मुरबाडहून येणारी एसटी बरोबर आमच्या हॉटेलसमोर बंद पडली आणि सगळी एसटी आत आली. तिच्यात राही होती. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली, मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला लागलेली, सुटीला शहापूरला आत्याकडं निघालेली. नवसू वाऱ्यासारखा वाढत फिरत होता. राहीच्या ताटलीत तो तिसरा वडा टाकायला गेला तेव्हा तिनं मान वर केली आणि विचारलं, "तुमी जेवलात का?"

नवसूच्या हातातला वडा हवेतच राहिला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर गल्ल्यावर बसून दुसरं काहीच करत नव्हतो.

त्या संध्याकाळी त्यानं तीन गिऱ्हाइकांना चहात साखरेऐवजी मीठ घातलं. एकानं तक्रार केली. बाकीच्या दोघांना वाटलं, नवसूनं दिलाय म्हणजे आपल्याला मिठाचीच गरज असणार.

"शेठ," हॉटेल बंद करताना तो काकांना म्हणाला, "ही नाय जमली तर मी पुन्ना कुठं बघायला जाणार नाय. सांगून ठेवतो."

काका मनात घेतलेली गोष्ट सोडत नाहीत. त्यांनी शहापूरला जाऊन राहीच्या आत्याचा पत्ता काढला. बुधीआत्या. राहीची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून पोरीचा शब्द आत्याकडं. वडील होते, कान्हाबाबा, पण ते बोलत नसत. आत्या त्यांच्याही वाटचं बोलायची.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मुलाचं घर, दोन एकर भात, हॉटेलातली नोकरी, सगळं तिला मान्य. मग म्हणाली, "पन त्याला बसता येत नाय असं आयकलं."

बातमी किन्हवलीहून शहापूरला पोचली होती.

"बसतो की," काका म्हणाले.

"मंग बसलेला दाखवा. आवो शेठ, जावई पाटावर बसला तर आमी त्याला मान देनार. उभ्या मानसाला मान द्यायचा तरी कुठं? त्याच्या मागं मागं पळायचं का ताट घेऊन?"

बघण्याचा कार्यक्रम आमच्याच हॉटेलात ठरला. दुसऱ्याच्या घरात नवसू स्वयंपाकघरात घुसण्याची भीती होती. इथं तो रोजच घुसत असल्यामुळे धक्का बसणार नव्हता. अट एकच: कार्यक्रम संपेपर्यंत नवसूनं जागेवरून उठायचं नाही. उठला की सोयरीक मोडली.

दुपारी गिऱ्हाईक कमी असताना आम्ही तालीम घेतली. काका आत्या झाले. मी राही झालो. ओढणी म्हणून गोदूमावशीनं चुलीवरचं फडकं दिलं, त्याला लसणाचा वास होता, पण मी भूमिकेत शिरलो. ट्रे घेऊन हळू हळू पावलं टाकत आलो. नवसूनं उठून ट्रे घेतला.

"आरं बस!" काका आत्याच्या आवाजात ओरडले.

"राहू द्या हो शेठ, प्रज्वल सांडतोय."

"मी प्रज्वल नाय, मी राही हाय," मी म्हणालो.

"राही सांडणार नाय," नवसू ठामपणे म्हणाला.

दुसऱ्या खेपेला त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. बसला. पण मग काकांनी, म्हणजे आत्यानं, आपली ताटली संपवली. नवसूच्या कपाळावर घाम आला. पाय थरथरायला लागले. एसटी सुटायच्या आधी थरथरते तसा तो दिसत होता. आणि उठला.

शेवटी गोदूमावशी बाहेर आली. ती म्हणाली, "बैलाला जू लागतंच रं." तिनं नवसूला भिंतीकडच्या कोपऱ्यात बसवलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बाकावर तांदळाचं पोतं, आणि पुढून टेबल पोटाला लागेपर्यंत सरकवलं. आता नवसूला उठायचं म्हटलं तर श्वास सोडून उठावं लागणार होतं.

"वाढणार कोण मग?" नवसूनं कोपऱ्यातून विचारलं.

"मी," मी म्हणालो.

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. ते बघणं विश्वासाचं होतं असं माझं मत आहे. वेटर होणं अवघड नाही हे मी गल्ल्यावरून इतके दिवस बघतच होतो. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात ताटली. माणसाला दोनच हात असतात, त्यामुळे चुकायला फार जागाही नाही. शिवाय मला नवसूच्या कामात एक सुधारणा करायची होती. मी विचारणार होतो. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते त्यालाच विचारायचं आणि त्यानं सांगितलं की तेवढंच द्यायचं. इतकी सोपी गोष्ट कुणाला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटत होतं.

"त्या दिवशी हॉटेल बंद ठेवू या का?" नवसूनं काकांना विचारलं.

"बंद हॉटेलात काय बघणार? चुलीची राख?" काका म्हणाले. "चालू राहील. पोरीकडच्यांना आपला धंदा दिसू दे."

कार्यक्रम बाजाराच्या दिवशी आला. सकाळी गोदूमावशीनं वाटाण्याची उसळ केली, वडे तळले, आणि शिऱ्यात इतकं तूप घातलं की झारा आपोआप बुडायला लागला. नवसू नवा शर्ट घालून कोपऱ्यात बसला. आम्ही पोतं लावलं, टेबल सरकवलं.

आत्या आली. काठापदराचं लुगडं, हातात पिशवी, आणि कोर्टातल्या बेलिफासारखी नजर. मागं कान्हाबाबा. त्यांच्या मागं राही. नवसू तिला बघून बसल्या जागी हसला. अर्धा उठला, पोटाला टेबल लागलं, परत बसला.

"बसलाय," आत्या कान्हाबाबांना म्हणाली. कान्हाबाबांनी मान हलवली.

ती तिघं समोर बसली. काका बाजूला स्टूल घेऊन बसले. बोलणं सुरू झालं, आणि मी कामाला लागलो.

पहिल्याच टेबलावर गेटवाले काका होते. मी नम्रपणे वाकून विचारलं, "काय घेणार?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मागं बघितलं, मी दुसऱ्या कुणाला विचारतोय का ते. "म्हंजे?"

"काय खायला आणू?"

"नवसू कुठाय?"

"तो बसलाय. तुम्ही सांगा. वडा, उसळ, शिरा, पोहे..."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते आढ्याकडं बघायला लागले, ओठ हलायला लागले. "सगळ्यांत... म्हंजे मी नेहमी काय खातो?"

"ते मला काय माहीत?"

"आरं मला बी नाय माहीत!" ते जवळजवळ ओरडलेच. धरणाचे दरवाजे ज्यांच्या एका शब्दावर उघडतात त्यांना वडा की पोहे हे ठरवता येईना. शेवटी त्यांनी घाबरून फक्त चहा मागितला. मी फक्त चहा दिला. ते तो फुंकून फुंकून, दुखवलेल्या माणसासारखे पीत राहिले.

दुसऱ्या टेबलावर बाजाराला आलेले दोघं होते. "वडा आणू का?" विचारलं, तर एक म्हणाला, "नको." मी नाही आणला. तो थांबला, वाट बघितली, आणि दुसऱ्याला म्हणाला, "चल रं, हितं आपली किंमत नाय." आले तसे गेले.

तिसऱ्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं उसळ मागितली, मी दिली. त्यानं एक घास खाल्ला आणि तो तोंड वाकडं करून आतल्या बाजूला ओरडला, "गोदे, आज मीठ इसरलीस का गो?"

गोदूमावशी पळी घेऊन बाहेर आली. "मीठ? रोजचाच हात हाय माझा!"

"मंग चव कुठं गेली?"

"तुझ्या जिभेत किडं पडलं असतील, बघ आरशात!"

पण चौथ्या टेबलावरूनही आवाज आला, "आज वडा बी दगड हाय मावशे." मी एक वडा खाऊन बघितला. उत्तम होता. म्हणजे चूक खाणाऱ्यांची होती. मी त्यांना तसं शांतपणे समजावून सांगितलं. तेही उठून गेले.

नवसू हे सगळं कोपऱ्यातून बघत होता. त्याचे हात मांडीखाली होते. मला त्याची नजर टोचत होती, जसं आपण सायकल चालवतोय आणि मागच्या कॅरिअरवर बसलेला माणूस हँडल पकडायला बघतोय.

"दिवसभर असं बसता येतं का?" आत्या त्याला विचारत होती.

"येतं," नवसू म्हणाला. त्याचा आवाज पोटाला टेबल लागल्यामुळे बारीक झाला होता.

"पंगतीत आमच्याकडचे पाव्हणे आले तर?"

"बसंन."

"सासुरवाडीला आला तर?"

"बसंन, आत्या."

राही फक्त नवसूकडं बघत होती, आणि तिचा चेहरा बघून मला वाटलं, हिला तो आवडला नाही. पहिल्या भेटीत विचारपूस करणारी ही मुलगी आज त्याच्याकडं बंद पडलेल्या पंख्याकडं बघावं तशी बघत होती.

मी आमच्या पाहुण्यांना वाढलं. उसळ, वडे. शिरा नंतर आणायचा असं ठरलं होतं. कान्हाबाबांनी मन लावून खाल्लं. आत्यानं जरा बेतानं, परीक्षक खातात तसं खाल्लं. तिची ताटली संपली. तिनं ती संपवली, बोटं चाटली, आणि ताटली तशीच ठेवून नवसूच्या डोळ्यांत बघितलं.

आता मला कळतं, ती परीक्षा होती. नवसूला तेव्हाच कळलं होतं. रिकामी ताटली त्याच्यापासून वीतभर अंतरावर. तो थरथरायला लागला. बाकावरचं तांदळाचं पोतं थरथरायला लागलं. गेटवाल्यांनी चहा खाली ठेवला. अख्खं हॉटेल त्या ताटलीकडं बघत होतं. नवसूनं डोळे मिटले. बसून राहिला. खरं सांगतो, इतकं कष्टाचं काम मी दुसऱ्या कुणाला करताना बघितलेलं नाही, आणि तो काही करत नव्हता.

काकांनी मला डोळ्यानं खुणावलं. मी पुढं झालो.

"आत्या, आणखी वाढू का?"

"नको," आत्या म्हणाली.

मी ताटली उचलून नेली.

हॉटेलात असा आवाज झाला, जसा पंगतीत ताटात पाल पडल्यावर होतो. गोदूमावशीच्या हातातून पळी पडली. काकांनी कपाळावर हात मारला. म्हातारा म्हणाला, "आरारारा!" मला वाटलं मागं काहीतरी झालं, म्हणून मी मागं वळून बघितलं. मागं काही नव्हतं. ती नको म्हणाली होती, मी ऐकलं होतं. यात माझी चूक काय, हे मी नंतर बऱ्याच जणांना विचारलं. कुणालाही नीट सांगता आलं नाही.

बुधीआत्या उभी राहिली. तिचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता.

"उठ गो राही. चल, कान्हा. पाव्हण्याच्या म्होरून ताट उचलतात हितं. आजून हात सुकला नाय माजा, आन ताट गेलं!"

"आत्या, पोरगा नवीन हाय..." काका उठले.

"नवीन असू दे नायतर जुना. चला म्हनते ना!"

"आत्या, बसा."

हे नवसू बोलला. आवाज मोठा नव्हता, पण पंगतीत शंभर माणसांना "बसून घ्या" म्हणणारा तो आवाज होता. आत्या बसली. काका बसले. जे बसलेले होते ते पुन्हा बसले. मी उभा होतो, मीही बसलो, जमिनीवर.

आणि नवसू उठला.

टेबल त्याच्याबरोबर उठलं. पेले घरंगळले, पोतं बाकावरून पडलं आणि शिवण उसवून तांदूळ जमिनीवर धावले. नवसूनं टेबल पोटावरून काढून खाली ठेवलं, भिंतीला घासून बाहेर आला, बाह्या वर केल्या आणि मला म्हणाला, "हो बाजूला."

पुढची काही मिनिटं मी जमिनीवरून बघितली. आत्यापुढं ताटली आली, तीत वडा, मग उसळ, मग वाफाळता शिरा. आत्या म्हणाली "नको." शिरा आला. आत्या म्हणाली, "आरं नको म्हनते ना!" आणखी आला, वर काजू. गेटवाल्यांच्या पुढ्यात न विचारता उसळ-पाव पडला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला जसा हरवलेलं लेकरू जत्रेत सापडल्यावर येतो. "हेच!" ते टेबलावर हात मारून म्हणाले. "मी हेच खातो!" निघून गेलेले बाजारवाले दारातून डोकावत होते, नवसूनं त्यांना खांद्याला धरून आत बसवलं. म्हाताऱ्याच्या त्याच ताटलीत त्यानं त्याच टोपातली उसळ वाढली आणि वरून पाठीवर थाप दिली. म्हाताऱ्यानं घास घेतला.

"गोदे, आता बरोबर हाय बघ मीठ!"

"तेच हाय रं मुडद्या!" आतून आवाज आला.

आत्या शेवटी दोन्ही हात पसरून ताटलीवर आडवी झाली. श्वास घेतला. मग उपरण्यासारखा पदर झटकून म्हणाली, "पोट भरलं. जेवण लाखात एक. पन सोयरीक नाय."

नवसू हातात शिऱ्याचं पातेलं घेऊन उभा होता.

"मी बसणारा मुलगा मागितला व्हता," आत्या म्हणाली. "शेठ, तुमी शब्द दिलेला. हा उठला."

"उठलो," नवसू म्हणाला. "तुमचं ताट तसं जाताना बघवलं नाय, आत्या. बसायला शिकंन मी. पन तुमी उपाशी उठून गेला असता आन मी बसून राहिलो असतो, तर मंग त्या बसण्याचा काय उपेग?"

हे बोलून त्यानं पातेलं टेबलावर ठेवलं. त्याच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं, म्हणून मी जमिनीवरचे तांदूळ बघितले.

"मला इचारलं का कुनी?" राही म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. कार्यक्रम सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"मगाशी हा कोपऱ्यात कोंबून बसवलेला बघितला ना, तवाच मी मनात नाय म्हनले व्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्यो तो नव्हंच. कुनीतरी दुसराच बसवलाय."

"आगं, पन घरी बी असाच उठला तर?" आत्या म्हणाली. "पाव्हणे आले, सण आला, हा पातेलं घेऊन फिरणार. मंग तू काय करनार?"

"मी बसंन."

"काय?"

"मी बसंन, आत्या. कंपनीत आठ तास पॅकिंगच्या पट्ट्यापुढं उभी असते मी. सुपरवायजर बसू देत नाय, टेकू देत नाय. पाय सुजून येतात. घरी आल्यावर पुन्ना चुलीपुढं उभं राहायचं, आन नवरा पाटावर बसलेला बघायचा? तुला बसणारा पायजे व्हता. मला उभा राहणारा पायजे."

आत्याची नजर राहीच्या पायांकडं गेली. गोदूमावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती खाली, पाणी भरायच्या उलट्या ठेवलेल्या हंड्यावर, हळूच बसली. बहुतेक तिला आपले पाय आठवले असावेत.

"कान्हा, तू काय म्हनतोस?" आत्यानं भावाला विचारलं. याआधी तिनं त्याला काही विचारल्याचं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं.

कान्हाबाबांनी घास गिळला. विचार केला.

"शिरा आजून हाय का?" ते म्हणाले.

नवसू पातेल्याकडं धावला. त्यांनी ताटली पुढं केली, आणि वाढून घेताना त्याच्या पाठीवर हात ठेवला. तोंडानं न बोलणाऱ्या माणसाचं ते भाषण होतं.

आत्यानं पिशवीतून बडीशेप काढली, चिमूटभर तोंडात टाकली. "बरं," ती म्हणाली. "मी म्हनते हो. पन माझी एक अट हाय, शेठ. आन ह्या टायमाला ती मोडायची नाय."

"बोला आत्या."

तिनं बोट उचललं आणि ते माझ्याकडं रोखलं. "लगनात ह्या पोरानं वाढायचं नाय."

"कबूल!" काका म्हणाले. "कबूल!" गोदूमावशी म्हणाली. गेटवाले, म्हातारा आणि दोन्ही बाजारवाले, ज्यांना लग्नाचं आमंत्रण कुणीही दिलेलं नव्हतं, एका सुरात म्हणाले, "कबूल!" नवसूसुद्धा म्हणाला, फक्त जरा हळू, माझ्याशी जुनी मैत्री असल्यामुळे.

लोकांना सुधारणा पचत नाहीत. मी मनावर घेतलं नाही.

लग्न राहीच्या गावाला झालं. मला वाढण्याऐवजी जास्त जबाबदारीचं काम दिलं होतं. लग्नाचं जेवण सुरू झालं की नवरदेवाच्या शेजारी बसायचं, आणि तो उठायला लागला की त्याला खाली ओढायचं. हे काम मी पूर्ण आत्मविश्वासानं केलं. पहिली पंगत होईपर्यंत नवसू पाटावरच होता. दुसऱ्या पंगतीत कुणाचं तरी ताट रिकामं दिसलं, नवसू उठला, मी ओढलं, आणि त्याच्या सदऱ्याची बाही माझ्या हातात राहिली. शिवण कच्ची होती. बिनबाहीचा नवरदेव भाताचं घमेलं घेऊन पंगतीतून निघाला, राही पाटावर पाय पसरून बसली, आणि बुधीआत्या माझ्याकडं बघून ओरडली, "ह्याला आनला कुनी?"

मी बाही घडी करून खिशात ठेवली आणि जेवायला घेतलं. जेवण उत्तम होतं.